म्हातारीला सोसतील अशा तारा

आमच्या दाजींच्या तोंडून एकदा निघालेल्या ‘न्हाय’चं ‘व्हय’ करून दाखवणारा माणूस सोलापुरात जन्मला नव्हता, आणि बाहेरून आला असता तर टिकला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कापडाच्या गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे मागांचे मेस्त्री. बिघडलेला माग ते नुसता चाचपून दुरुस्त करीत. घरी मात्र या चाचपण्याचा सगळ्यांना ताप होई. बहिणीने कपडे वाळत घालायला दोरी बांधली की हे ती सोडून पुन्हा बांधणार, का, तर “एका अंगाला ताण जास्त हाय.” अक्कलकोटच्या एका लग्नात तर हातात अक्षता असताना त्यांची नजर मांडवाच्या दोराकडे गेली आणि त्यांनी मुहूर्त थांबवला. नवरदेवाचा बाप कानडीतून पेटला. दाजी शांतपणे म्हणाले, “शिव्या मागनं द्या, आदी दोर आवळा.” दोर आवळला गेला, मगच अक्षता पडल्या.

वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान निम्मे गेले होते. सायकलची घंटी, बहिणीची हाक असले बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसत. (“जेवायला वाढलंय म्हटल्यालं बरं पोचतं,” असं बहीण म्हणे.) जाड, खोल आवाज मात्र त्यांना छातीत ऐकू येई. म्हणून रेल्वेच्या वसाहतीत एका गोव्याच्या गार्डसाहेबांची बेस गिटार त्यांनी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ते तिथून हलेचनात. साहेबांनी त्यांना शिकवलं, आणि निवृत्त होऊन गावी जाताना ती विजेवर वाजणारी, पोकळ पोटाची, पंधरा-सोळा वर्षांची गिटार त्यांच्याच हवाली केली. एवढंच बजावलं, की हिच्या मानेत आधाराची लोखंडी सळई नाही, नुसतं लाकूड आहे. दाजी तिला ‘म्हातारी’ म्हणू लागले आणि गावातल्या एका ऑर्केस्ट्राच्या तालमींना जाऊ लागले.

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. गणपतीतला सगळ्यांत मोठा आणि दाजींचा पहिलाच कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला आणि तालमीत म्हातारीची एक तार तुटली. बाकीच्या तिन्ही गंजलेल्या. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी तातडीने मुंबईहून नवा संच मागवला. चकचकीत, पोलादी, बोटाएवढ्या जाड तारा. दाजींनी त्या हातात घेतल्या, वाकवून पाहिल्या आणि परत पुडक्यात घातल्या.

“न्हाय. ह्या म्हातारीला सोसायच्या न्हाईत. मान वाकंल तिची.”

“मेस्त्री, तार ती तार. मुंबईत सगळे ह्याच लावतात.”

“मुंबईतल्या गिटारी तरण्या आसत्याल.”

पुरावा दाखवल्याशिवाय मालक ऐकणार नव्हते. मग एका रविवारी दाजींनी आपल्या घराच्या तुळईला हूक ठोकला, त्याला ती जाड तार टांगली, गिटारीवर असते तेवढीच लांबी मोकळी ठेवली आणि खाली बादली अडकवली. किराणा दुकानातून मागून आणलेली वजनं मी एकेक करून बादलीत ठेवायची, दाजींनी तार छेडायची आणि बहिणीने पेटीवर हवा तो सूर धरून कान लावायचा. “अजून खाली हाय... अजून... थांबा, जुळलं!” एकदा हूकच निसटला आणि बादली माझ्या पायापासून चार बोटांवर आदळली. दाजींनी आधी तार तपासली, मग माझा पाय. चारही तारा अशा तोलून झाल्यावर बेरीज आली ऐंशी किलोंच्या घरात. दाजी तडक मालकांकडे गेले. मालक अंगाने चांगले भरलेले होते.

“तुमचं वजन किती?” दाजींनी विचारलं.

“असेल ऐंशी-ब्याऐंशी. का?”

“मंग ह्या तारा लावल्या की तुमी आठी प्रहर म्हातारीच्या मानंवर बसल्यागत हाय. उतराच न्हाईत तुमी.”

मालक भडकले. कार्यक्रमाला वाजवायचं असेल तर गिटार तयार ठेवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं त्यांनी सुनावलं. दाजींनी गिरणीत रजा टाकली, जाडी मोजायचं मापयंत्र खिशात घातलं आणि मुंबई गाठली. दोन दिवस ते दुकानामागून दुकान पालथं घालत होते. “दोरा घ्यायला आलात की तारा?” असं एक दुकानदार वैतागून म्हणाला, पण त्यानेच शेवटी धूळ खात पडलेलं एक पुडकं काढून दिलं. बारीक, मऊ तारा, कुणी न विचारलेल्या. घरी आल्यावर त्या पुन्हा तुळईला टांगल्या. चौघींची मिळून बेरीज पन्नासच्या आत आली. “एवढं म्हातारी उचलंल,” दाजी म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण त्या एकदम सुरात चढवायलाही ते तयार नव्हते. रोज थोडा पीळ, मग मानेवर दोरा ताणून बघायचं, लाकूड हललं नाही ना. आठ दिवस लागणार होते, आणि कार्यक्रम चार दिवसांवर होता. मालकांनी निरोप पाठवला, मग स्वतः आले, शेवटी हातही जोडले. बहीणसुद्धा म्हणाली, “अवो, वर्सभर वाट बघितली की ह्या कार्यक्रमाची!”

“मला ठाव हाय,” दाजी म्हणाले. “पर न्हाय.”

कार्यक्रमाला आम्ही गेलो. दाजी खाली, लोकांत बसले होते. वर रंगमंचावर कुणी दुसराच बेस वाजवत होता. दाजींची बोटं मांडीवर एकसारखी हलत होती. परतताना मी विचारलं, “वाईट वाटलं का?”

“वाटलं की. लई वाटलं,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी म्हातारी सुरात आली. बहिणीने पेटी ओढली आणि एक भजन धरलं. दाजींनी डोळे मिटून पहिला सूर लावला. फळीवरची भांडी थरथरली. बहीण मधेच थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. ते वाजवतच होते. तिचं गाणं थांबलंय हे त्यांना बराच वेळ कळलंच नाही.

पुढल्या वर्षी मालक आपणहून बोलवायला आले आणि दाजी रंगमंचावर बसले. तसे त्यांनी कितीतरी गणपती गाजवले म्हणे. मी म्हणे म्हणतो, कारण त्याआधीच माझी बदली नागपूरला झाली होती, आणि गणपतीत रजा कधी मिळाली नाही. लोक किती टाळ्या वाजवत ते बहीण पत्रातून कळवायची. पुढं बहीण गेली, पत्रं थांबली, आणि मग दाजीही गेले. त्यांना रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात वाजवताना मी एकदाही पाहिलं नाही. माझ्या वाट्याला आली ती रविवारची एक दुपार.