पालथा गंज

तीन गावांतले लोक दोन दिवस अतियाला एकच गाऱ्हाणं सांगत होते. "बाई, समोरच्याचं आमाले आयकू येते, आमचं त्याले जात नाही."

अतियाकडे महागाव तालुक्यातले एकवीस मोबाईल टॉवर दुरुस्तीला. आयटीआय करून ती या कामाला लागली तेव्हा गावोगाव विचारणा व्हायची, "साहेब कुठी हायेत?" ती हेल्मेट काढून म्हणायची, "साहेब घरी जेवून राह्यले, मी आली." आता कोणी विचारत नाही. लांबून तिची स्कूटी दिसली की चहाचं आधण आणि गाऱ्हाणी सोबतच चढतात.

तिन्ही गावांचे टॉवर तिनं दोनदा तपासले. यंत्रं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पुसदहून निघताना तिचे अब्बा, डिझेल इंजिनचे मेस्त्री गफ्फारमियां, हात पुसत दारात आले.

"काय बिगडलं, बेटा?"

"तेच समजून नाही राह्यलं, अब्बा. तिघं बी बरे हायेत अन् तिघं बी बहिरे."

"मंग चौथ्याले पाह्य. एका सिलेंडरचं टायमिंग हललं त पुरं इंजिन हादरते. जो हादरते त्याचा कसूर नसते."

चौथा म्हणजे फुलसावंगीचा टॉवर. तिथून एकही तक्रार नव्हती, म्हणूनच तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. तिनं मोबाईलवर सूचनांची यादी उघडली. बॅटरी, डिझेल, उघडं दार, अशा शंभर ओळींखाली एक ओळ पाच दिवस दबून पडली होती: उपग्रहाकडून वेळ मिळत नाही.

फुलसावंगीच्या टॉवरचे राखणदार मारोतराव. वय बासष्ट. बोटांची पेरं सुजायला लागली आणि कापूस वेचणं सुटलं. तेव्हापासून ही एकच नोकरी त्यांच्या हाताला मानवली होती. फाटक उघडताना ते हसले.

"या मॅडम. आपला टॉवर एकदम टकाटक हाय."

अतियानं मान वर केली. यंत्रखोलीच्या छपरावर, जिथं उपग्रहाची वेळ पकडणारी मुठीएवढी पांढरी घुमटी असायची, तिथं जर्मनचा एक मोठा गंज, भात रांधायचं ॲल्युमिनियमचं पातेलं, पालथा घातलेला होता. तारेनं घट्ट बांधलेला.

"काका, हे काय हाय?"

"त्याची राखण. मांगच्या टायमाले वान्नेर त्याच्यावर बसलं, मोडलं. तुमी नवं लावलं अन् म्हणाल्या, काका, याच्यावर काही पडू देऊ नोका, कोणाचा हात लागू देऊ नोका. मंग मी बंदोबस्त केला. सहा दिवसांत एक वान्नेर फिरकलं नाही."

अतिया शिडी लावून चढली, तार सोडली, गंज खाली दिला. तेवढ्यात मारोतरावांच्या पत्नी विमलताई चहा घेऊन आल्या, त्या फाटकातच थांबल्या.

"हा त माहा गंज हाय. याच्यापायी मी शेजारच्या चंदाबाईसंग बोलनं सोडलं, की तिनंच नेला म्हनून. अन् तुमी इथी टॉवरले टोपी घातली?"

"सरकारी कामात लागला तो," मारोतराव म्हणाले.

"सरकारी नाही, कंपनीचं," अतिया म्हणाली, आणि पायरीवर बसली. "काका, पाहा. सगळ्या टॉवरची एक ठरलेली वेळ असते. बोलायचं तवा सगळे संगं बोलतात, आयकायचं तवा सगळे संगं चूप. ती वेळ वरतून, उपग्रहाकडून येते. तुमच्या गंजातून काही आत जात नाही. मंग याचं घड्याळ हळूहळू सरकलं. शेजारचे आयकायले बसले की हा बोलून राह्यला."

"आमच्या घरी बी तसंच हाय," विमलताई म्हणाल्या. "हे आयकायच्या टायमालेच बोलतात."

मारोतराव हसले नाहीत. गंजाकडे बघत म्हणाले, "म्हणजे तीन गावं माह्यापायी बंद पडले."

वीस मिनिटांत घुमटीनं उपग्रह पकडले, यंत्राची वेळ जागेवर आली. अतियानं शेजारच्या गावात सुखीबाईंच्या दुकानी फोन लावला. "आता बोला, मावशी."

"काय बोलू? आयकू येते का?"

"येते."

"मंग दोन दिवस काहून नोतं येत?"

त्याचं उत्तर यवतमाळलाही हवं होतं. तिथल्या कचेरीतून तिच्या साहेबांचा, कपिल सरांचा, फोन आला. "यंत्राला राखणदारानं हात लावला असेल तर त्याचं नाव लिही. नियम आहे. उद्यापासून दुसरा माणूस."

मारोतरावांना ऐकू गेलं. कमरेची किल्ली सोडून त्यांनी पायरीवर ठेवली. "लिहा मॅडम. खोटं लिहू नोका."

"खोटं नाही लिहत."

तिनं अहवालात लिहिलं: गंज राखणदारानं ठेवला. 'काही पडू देऊ नका' ही सूचना माझी होती. झाकू नका, आणि का झाकू नये, हे मी सांगितलं नव्हतं. जसं सांगितलं तसं त्यांनी केलं.

दहा मिनिटांनी कपिल सरांचा पुन्हा फोन. "हे तुझ्या नावावर लागेल. यंदा तुला नियंत्रण कक्षात घ्यायचं चाललंय, माहीत आहे ना?"

"लागू द्या, सर. चूक तिथंच हाय."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज. "बरं. राहू दे त्यांना. पण वानरांचं काय?"

"प्लास्टिकची जाळी पाठवा. ती उपग्रहाले अडवत नाही."

तिनं किल्ली उचलून मारोतरावांच्या हातात दिली. पण निघाली नाही.

"काका, आता तुमी सांगा. वान्नेर आलं त?"

"हाकलीन."

"गारा पडल्या त?"

"पडू देईन. फुटलं त तुमाले फोन करीन."

"अन् झाकायचं काहून नाही?"

मारोतरावांनी वर पाहिलं. बोट उचललं, थांबले, पुन्हा उचललं. "त्याले वरतून टाइम भेटते. झाकलं त हा मनाच्या टायमानं बोलते, अन् शेजारच्या गावातल्या सुखीबाईचं बोलनं कोनाले जात नाही."

"अजून एकडाव."

ते पुन्हा सांगू लागले. या खेपेला विमलताईही ऐकायला बसल्या.