गडग्यापलीकडची टकटक

माझा मेहुणा भुतं शोधतो. पाहुण्यांसमोर मी हे बोललो की बायको डोळे वटारते, कारण भाऊ तिचा. दिवसा तो बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो आणि सुट्टी असली की गळ्यात अंधारात दिसणारा कॅमेरा अडकवून, खिशात रेकॉर्डर टाकून कुठल्यातरी पडक्या बंगल्यात रात्र काढतो. इतक्या वर्षांत त्याला एकही भूत भेटलेलं नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. मी थर्मासमधल्या चहासाठी त्याच्याबरोबर जातो, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला त्याचं काम बघायला आवडतं.

माझी खाला, म्हणजे आईची धाकटी बहीण, खाडीकाठच्या आमच्या गावात एकटी राहायची. तिच्या परसाच्या दगडी गडग्याला लागूनच जुनं कबरस्तान. तिचा नवरा, म्हणजे माझे खालू, जाऊन अकरा वर्षं झाली, ते तिथेच आहेत. मुलगा मस्कतला. त्याने मांडवीत फ्लॅट घेतला, आईने तिथे माझ्या शेजारी राहावं म्हणून. तिला गुडघ्यांनी बेजार केलं होतं, विहिरीवरून एक कळशी आणताना दोनदा बसावं लागायचं. सगळं ठरलं, सामानही बांधलं, आणि आयत्या वेळी खालाने बसकण मारली.

"कशी जाव? हे रोज रातचे हाक मारतात," ती म्हणाली.

खालू मच्छीमार होडीवर तांडेल होते. समुद्रावरून रात्री-अपरात्री आले की मागच्या दाराची लोखंडी कडी एकदाच वाजवायचे, टण्, आणि गप उभे राहायचे. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ खालाने कधी येऊ दिली नाही. आणि आता गेल्या वर्षापासून कबरस्तानाकडून तशीच टण् येत होती. एकदा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा. ती रात्र रात्र जागी राहायची. मस्कतहून मुलाचा मला फोन आला, "भाई, तिथे काय नाय हे तिला एकदा दाखवून दे. नायतर ती तिथेच पडून राहील."

मी तर सरळ खोटं बोलायच्या बेतात होतो. खालू म्हणाले, खुशाल जा, असं सांगून मोकळं व्हायचं. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो माझ्यावर असा उखडला की विचारू नका. "ती तुमच्या भरवशावर घर सोडणार आणि तुम्ही तिला बनवणार?"

मग आम्ही गेलो, ओळीने तीन शनिवार. फाटकापाशी तो चपला काढायचा, कबरींतल्या सगळ्यांना सलाम करायचा आणि आपण कोण, कशासाठी आलोय ते हळू आवाजात सांगायचा. पहिल्या रात्री मला हसू आलं. तिसऱ्या रात्री मीही त्याच्या मागोमाग पुटपुटत होतो. त्याचा नियम एकच, आधी जिवंतांची झडती, मग मेलेल्यांची. वारा कुठून येतो, कुठली फांदी कशाला घासते, कोल्हा कुठून शिरतो, सगळं तो वहीत लिहायचा. टण् झालं की डोळे मिटायचा. कारखान्यात नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारा माणूस. "पत्रा," तो म्हणाला. "आणि वरून पडतंय, खालून नाय."

जनाज्याची खाट ठेवतात त्या खोपटीची कौलं वादळात उडाली होती आणि गेल्या वर्षी तिथे पत्रा घातला होता. वर बदामाचं मोठं झाड. वटवाघळं येत होती, बदाम चावत होती आणि बिया पत्र्यावर टाकत होती. कॅमेऱ्यात अगदी स्वच्छ आलं. इतका साधा उलगडा, पण त्यासाठी तीन रात्री डासांचे चावे खात बसायची चिकाटी लागते. ती माझ्यात नाही, हे मी कबूल करतो.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी शहाणपणा करून तीन रात्रींच्या चित्रणातलं सगळं फालतू कापलं आणि झाड, वटवाघूळ, पत्रा एवढाच दोन मिनिटांचा व्हिडिओ खालापुढे धरला. तिने तो शांतपणे पाहिला. शेवटी कॅमेरा जरासा हलून एक कबर दिसत होती, तिथे तिचं बोट पडद्यावर टेकलं.

"थांब. मागं घे. ही कुणाची?"

"खालूंचीच की," मी म्हणालो.

तिने फोन माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ नेला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. आम्ही पुरुष दर ईदला नमाजानंतर जातो, फातिहा पढतो, घरी येऊन शेवया खातो. घरापासून पन्नास पावलांवरची नवऱ्याची कबर तिने अकरा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. आणि बाकी सगळीकडून मी नेमकी तीच फालतू म्हणून कापून टाकली होती. मला माझीच लाज वाटली.

"सब्जा हाय काय रं वर?" तिने विचारलं. दरवर्षी ती कुणा ना कुणाच्या हाती कबरीवर लावायला सब्जाचं रोप पाठवायची. काळ्या-पांढऱ्या चित्रात काही कळत नव्हतं.

तोवर मेहुणा उठून बाहेर पडलाही होता. पाच मिनिटांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. भुतं शोधताना तो कधीच बत्ती लावत नाही, पण त्या रात्री त्याने मोठी बॅटरी लावली होती. उशाचा चिरा, पायथ्याचा चिरा, आणि मध्ये हिरवागार सब्जा. तो तिथेच थांबला नव्हता, आजूबाजूच्या चार-पाच कबरींवरही पसरला होता.

"शेजाऱ्यांना वाटला त्यांनी," खाला म्हणाली. "मासळीपण अशीच वाटायचे. घरात काय र्‍हायलं नाय र्‍हायलं, बघायचे नाय." मग ती हसली आणि रडली, आणि फोनवर मेहुण्याला म्हणाली, "जरा डावीकडं घे, बाबा. हळू. घाई नको करू." तो अर्धा तास वाकून उभा होता. आत्मा-बित्मा काही सापडला नसेल त्याला, पण एवढं मोठं काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

त्या महिन्याअखेर खाला मांडवीला आली. दर जुम्याच्या रात्री मेहुणा कारखान्यातून थेट गावाला जातो, फाटकापाशी चपला काढतो आणि तिला फोन लावतो. आवाज बंद व्हावा म्हणून मी पत्र्यावर गोणपाट टाकायचं म्हटलं, तर तिने मलाच झापलं.

परवा मी तिच्या शेजारी बसलो होतो. फोनमध्ये सब्जा दिसत होता. एवढ्यात तिकडे पत्रा वाजला, टण्.

"वटवाघूळ हाय, मना ठाव हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग पदर सारखा केला आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"आयकलं हो. दार उघडंच हाय."