सखूला कोणत्या रकान्यात लिहू?

मंडळी, आपली शिक्षकांची फिरती वही आजच एस्टीनं माझ्या शाळेत पोचली, आणि नेमका आजच मी गोंधळलोय.

मराठीच्या तासाला रेडिओचा उपयोग होतो का, हे आपण सगळे शिक्षक आपापल्या वर्गात तपासतोय. मी दोन रकाने आखलेत, 'रेडिओ चालू' आणि 'रेडिओ बंद'. कोण कधी बोललं ते त्यात लिहायचं.

आज रेडिओवर हरवलेल्या कोकराची गोष्ट लागली. मुलं हाताची घडी घालून गप्प. अर्ध्यातच बॅटरी संपली. परवाच बारामतीहून चार्ज करून आणलेली. मी चिडून खडू उचलला.

तेवढ्यात सखू उठली. वर्षभरात तिनं वर्गात तोंड उघडलेलं नाही.

"गुरुजी, त्या रेडिओतल्या बाईंना मेंढरांचं काय बी ठावं न्हाय. कोकरू आईच्या आवाजावर माघारी येतं. फुडचं मी सांगते."

तिनं सांगितलं. मग गोष्टीवरून सगळा वर्ग तिच्याशी भांडायला लागला. तास संपल्याचंही कुणाला कळलं नाही.

रेडिओ बंद पडला म्हणून ती बोलली. पण तो लागलाच नसता, तर ती कशावर बोलली असती?

आजचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत. तुम्ही सखूला कुठं लिहिलं असतं?