खाचेवरची पट्टी

सांतिना लुकिदोला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही. वीस वर्षं तिने मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर डब्यात सार्डिन मासे भरले. मासे संपले, कारखाने बंद पडले, आणि बाई आमच्याकडे आली. टेकडीवरच्या लाकडी घरात आमची लहानशी कंपनी होती. छोट्या कॉम्प्युटरना ज्यावाचून काहीच करता येत नाही ती ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही बनवायचो. सांतिना खालच्या खोलीत त्या सिस्टिमच्या फ्लॉपी डिस्क तयार करायची. प्रत्येक प्रत स्वतः चालवून बघितल्याशिवाय पाकिटात घालायची नाही. मी शेजारच्या टेबलावर फोन घ्यायचे.

१९८० साली आमच्याकडे लहान डिस्क आल्या आणि डोक्याला ताप झाला. मोठ्या डिस्कच्या कडेला खाच असे. ती उघडी असली की डिस्कवर काही लिहिलं जात नसे. लिहायचं तर खाचेवर पट्टी चिकटवायची. लहान डिस्कचं नेमकं उलटं, पट्टी लावली की लिहिणं बंद. कुठल्या शहाण्याने हे ठरवलं, देव जाणे.

एका बुधवारी वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोवेलने तिला लहान डिस्क दिली. नव्या आवृत्तीचं त्याचं तीन आठवड्यांचं काम तिच्यात होतं, आणि दुसरी प्रत करायलाच त्याने ती दिली होती. शुक्रवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. खाचेवर पट्टी दिसताच सांतिनाने ती जुन्या सवयीने ओढून काढली, डिस्क सुरक्षित व्हावी म्हणून. मग घाईत दोन डिस्कची अदलाबदल झाली, आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरून सगळं पुसलं गेलं.

ती जिन्यापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मला बघवेना.

"डिस्कच खराब निघाली म्हणून सांग," मी म्हटलं. आजही मला त्याची लाज वाटते.

"मग तो दोन दिवस डिस्कच तपासत बसेल, गं. शुक्रवार उजाडेल."

ती वर गेली. मी कान देऊन ऐकत होते.

"लोवेल, तुझं काम मी पुसलं. डिस्कचा दोष नाही, माझा आहे."

मग पुन्हा तिचाच आवाज आला, "प्रोग्रॅमचे छापील कागद आहेत का?"

"सोमवारपर्यंतचे आहेत."

"मग मी वाचते, तू टाइप कर."

दोन दिवस ती अक्षरं, आकडे, स्वल्पविराम मोठ्याने वाचत खोलीभर फिरली. एका ओळीचाही अर्थ तिला कळत नव्हता.

"सांतिना, जरा एका जागी उभ्या राहा," लोवेल वैतागला. "मला गरगरायला लागलंय."

"उभी राहिले तर ओळ चुकेल. तू खाली बघून टाइप कर."

सोमवारनंतरचं त्याने आठवून लिहिलं. शुक्रवारी दुपारी तिने डिस्क चालवून बघितली, पाकिटात घातली, आणि गिऱ्हाईक ती घेऊन गेलं.

पुढे गावोगावचे फोन यायला लागले. कुणी चुकून हिशेब पुसलेला असायचा, कुणी प्रबंध, कुणी तर रडतच बोलायचा. असा फोन आला की मी तिच्याकडे द्यायचे. ती फोनच्या वायरीला पीळ घालत उभ्यानेच म्हणायची, "आधी खाली बसा. हे मीही केलंय. छापील कागद आहेत का?"