वळताना दाखवलेला हात

आमच्या पेठेतल्या शाळेच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो. गेल्या उन्हाळ्यात तिथे एक मुलगी सायकल शिकताना दिसू लागली. पंचविशीची, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. पडली की आधी सायकलचं हँडल सरळ करायची, मग स्वतःचं कोपर बघायची.

"या वयात सायकल शिकताय?" मी पुणेरी चौकशी केली.

"आमच्याकडं कोणी शिकवलीच नाही जी. मी यवतमाळकडची."

इंग्लंडातल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावी ती शिकायला निघाली होती. "तिथं पोरं वर्गाला सायकलनं जातात, अन् सुट्टीत नदीकाठी फिरायलाही. मला मागं राहायचं नाही."

महिन्याभरात ती बरी चालवू लागली. मग एका सकाळी तिने नवंच खूळ काढलं. वळण आलं की एक हात सोडून बाजूला ताठ धरायची आणि दर वेळी धडपडायची.

"अहो, दोन्ही हातांनी धरा!" मी ओरडलो.

"तिथं वळताना हात दाखवावा लागतो, काका!"

"या रिकाम्या मैदानात कोणाला दाखवताय?"

"तुम्ही आहात ना," ती म्हणाली आणि पुन्हा निघाली.

पावसाळा सरला तशी ती दिसेनाशी झाली. गेली असणार. नाव विचारायचं राहूनच गेलं.

उभा जन्म मी पुण्यात सायकल चालवली, पण वळताना कधी हात दाखवला नाही. काल मंडईतून परतताना चौकात दाखवला. मागचा रिक्षावाला चक्क थांबला. माझ्या हाताला काही झालंय, असं त्याला वाटलं असेल. पण थांबला.