चीफच्या टाकीतला क्रू

“धुवचो, पण साफ करूचो नाय.”

हे वाक्य चीफ बादलीपुढे उकिडवे बसून म्हणत. बादलीत मासळीच्या टाकीतलं काढलेलं जुनं पाणी आणि त्यांच्या हातात तपकिरी झालेला स्पंज. तान्ह्या पोराची पाठ चोळावी तसा ते तो हलकेच दाबत. पाणी कॉफीच्या रंगाचं होई. तुम्हीआम्ही जिथे आता खरं घासायला सुरुवात केली असती, नेमके तिथे चीफ थांबत.

आमच्या जामसंड्यात त्यांना सगळे चीफच म्हणत. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनीअर म्हणून हयात काढलेला माणूस. बायको पूर्वीच वारलेली, मुलगी परदेशात. असा माणूस निवृत्त होऊन गावी आला की काय करतो, याचे आमच्याकडे आडाखे ठरलेले आहेत. हापूसची कलमं, देवळाची कमिटी, नाहीतर घराच्या फाटकावर सिमेंटचा नांगर. चीफनी यातलं काहीच केलं नाही. ते सुंगटं पाळू लागले.

सुंगटं म्हणजे कोळंबी. तीही समुद्रातली नव्हे, घरामागच्या व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, नखाएवढी, काचेसारखी आरपार. कोळंबीशी आमच्या माणसाचं नातं कालवणापुरतं. त्यामुळे रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायचा, “चीफ, शिजवतलात कदी?”

“तुका आमंत्रण धाडतंय मरे. तवसर भायर उभो रव.”

माझं चष्म्यांचं दुकान आहे, आणि चष्मेवाल्याला डॉक्टर म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. एकदा चीफ भिंग मागायला आले. पेपर वाचायला असेल, असं मी धरून चाललो.

“नाय हो डॉक्टर. बाळंतिणी बघूच्या आसत.”

त्या माद्या पोटाखाली अंडी धरून फिरतात हे मला त्या दिवशी कळलं. मी पुस्तकं बरीच वाचलेली आहेत, पण कोळंबीच्या पोटाखाली काय असतं हे पाहायची वेळ कधी आली नव्हती. जेवताना आपण तो भाग काढून टाकतो.

मुळात हे सगळं सुरू झालं ते गावाच्या कोंडीमुळे. कोंड म्हणजे व्हाळातला खोल डोह. तो राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, समजतात. त्यातलं काही कोणी धरत नाही, मारत नाही. त्या कोंडीचं सुशोभीकरण ठरलं. पायऱ्या, कठडा, रंगीत दिवे. फलकावर हात जोडलेल्या इतक्या मंडळींचे फोटो होते, की कोंडीचं चित्र घालायला जागा उरली नव्हती. उन्हाळ्यात पाणी उपसून सिमेंट घालायचं होतं. पाण्यात राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न सभेत एकट्या चीफनी विचारला. “तुमीच न्हेवा घराक,” असं उत्तर मिळालं आणि सभा हसली. चीफनी मान हलवली आणि खरोखरच टाकी आणली.

टाकी आणली की मासे सोडायचे, ही आपली समजूत. चीफनी पाणी भरलं, कोंडीतली चार सडकी पानं टाकली आणि आत काहीच सोडलं नाही. महिना उलटून गेला तरी रिकाम्या टाकीत बुडबुडे चालूच. लोक येऊन पाणी बघून जात.

“ह्यात काय आसा चीफ?”

“क्रू.”

“दिसणा नाय तो!”

“इंजिनरूममधलो क्रू पॅसेंजराक कदीच दिसणा नाय.”

मग ते समजावून सांगत. सुंगटं खातात, हगतात, त्याचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन पचवणारे सूक्ष्म जंतू स्पंजच्या भोकाभोकांत वस्ती करतात. ती वस्ती वसायला वेळ लागतो. तोवर तिला उपाशी ठेवून चालत नाही, म्हणून चीफ चिमूटभर सुका जवळा टाकून कुजवत. रोज नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. ते पिवळं राहिलं तर विष संपलं, हिरवं झालं तर अजून आहे. हिरवं झालं की म्हणायचे, “क्रू अजून चढलो नाय. क्रू चढल्याबगर पॅसेंजर घेवचे नसतत.”

गाळणीची निवड हा तर स्वतंत्र सोहळा होता. मी त्यांच्याबरोबर सावंतवाडीला गेलो होतो. तिथल्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक काळं, नळ्यांचं, दिवा लागणारं यंत्र काढलं. त्याच्या खोक्यावर जेवढी विशेषणं होती तेवढी आमच्याकडे लग्नपत्रिकेतही नसतात. “सर, पाणी काचेसारखं होईल.”

“काच आसा माज्याकडे,” चीफ म्हणाले. “टाकी काचेचीच आसा. माका पाणी होया.”

मग त्यांनी ते यंत्र बादलीत चालू करायला लावलं आणि पाणी ओढणाऱ्या तोंडाशी करंगळी धरली. बराच वेळ धरली. आयुष्यभर पंप ऐकलेला माणूस. तो बोटाने ऐकत होता. “ह्यो पोरां गिळतलो,” ते म्हणाले. “आणि लाईट गेली की ह्येच्यातलो क्रू गुदमरान मरतलो. आमच्याकडे लाईट हीच पावणी.” शेवटी त्यांनी घेतला तो साधा स्पंज, नळी लावलेला, आणि बॅटरीवरही चालणारा हवेचा लहानसा पंप. पोरांना गिळत नाही, उलट पोरं त्याच्यावरच चरतात. दुकानदाराने तो असा बांधून दिला, जणू आम्ही त्याच्याकडून सुतळी नेत होतो.

स्पंज मात्र दोन घेतले. दुसरा त्यांनी माझ्या दुकानातल्या टाकीत लावला. ही टाकी माझ्या मेव्हण्याने वास्तूसाठी म्हणून आणून ठेवलेली. त्यातल्या नारिंगी माशांनी वास्तूला काय दिलं ते मला अजून कळलेलं नाही. “जहाजार एकच पंप आसलो तर पंप नायच, असां समजाचां,” चीफ म्हणाले. “ह्यो तुमच्याकडे माजो स्टँडबाय.”

नळीतलं पाणी पिवळं राहू लागलं, तेव्हा आम्ही कोंडीवर गेलो. राखणदाराच्या पाण्यातला जीव उचलायचा, तर गाऱ्हाणं, म्हणजे देवाला विनवणी, हवीच. चीफचा देवाशी फारसा पत्रव्यवहार नव्हता, पण गावकराला त्यांनी स्वतः बोलावून आणलं. गावकर, म्हणजे गावच्या वतीने देवाशी बोलायचा ज्याचा मान तो, नारळ पुढे धरून म्हणाला, “बा देवा म्हाराजा, राखणदारा! ही तुजी लेकरां आज चीफ न्हेता हा. ती सांबाळून, वाडवन परत तुज्या पदरात घालतलो, असो शब्द देता हा. त्येच्या शब्दाक यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणालो.

परतताना चीफ सुंगटांचा डबा छातीशी धरून चालत होते. मग म्हणाले, “देव आसा काय नाय म्हायत नाय डॉक्टर. पण शब्द दिलो, तो दिलो.”

सुंगटं रुळली. भिंगातून मीही बाळंतिणी पाहिल्या. आणि चतुर्थी आली.

चतुर्थीला मुंबईहून चीफची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. गणपती यायच्या आधी कोकणातलं घर कसं धुतलं जातं हे तुम्हांला सांगायला नको. भिंती, भांडी, पाट, दारामागचा झाडू, सगळं. चीफ मूर्ती ठरवायला गेले होते. आक्काने टाकीकडे पाहिलं. आत एक मळकट बोळा. तिने तो काढला, भांड्यांच्या पावडरीने घासघासून त्याचा मूळचा रंग शोधून काढला आणि पुन्हा जागेवर लावला. टाकीतलं निम्मं पाणी ओतून दिलं आणि नळाचं, जंतू मारायचं औषध घातलेलं, भरलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तोच चीफ दारात. हातात डबा. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

“डॉक्टर, स्टँडबाय देवा.”

“काय झालं?”

“क्रू गेलो. पॅसेंजर मरतहत.”

मी तपकिरी स्पंज पाण्यासकट डब्यात घातला. “आक्कांना सांगितलंत?”

“खुळे काय तुमी?” ते एकदम उसळले. मग हळू आवाजात म्हणाले, “वर्साचां एकदा येता. कंबर दुखता तरी घासल्यान. हसत जावंदे.”

मी त्यांच्या मागोमाग गेलो. बहुतेक सुंगटं तांबूस होऊन तळाशी पडली होती. चीफनी विहिरीचं पाणी थोडं थोडं घातलं, स्पंज बसवला आणि टाकीवर जुन्या लुंगीचं फडकं टाकलं. एवढ्यात आक्का पदराला हात पुसत आली.

“काय रे बाबू, झाकलंस कित्याक? डॉक्टरांका दाखव तरी! किती घाण ठेवलेलंस मेल्या. बघ, मी कसां चकचकीत केलंय!”

“व्हय गो आक्का,” चीफ म्हणाले. “इतक्या साफ आजवर कोणी केलेलां नाय.”

“आणि ती सुंगटां खंय गेली?”

“फटाक्यांच्या आवाजाक भियतत. लपान बसली हत.”

एवढं सफाईदार खोटं मी बड्या सभांतूनही ऐकलेलं नाही. तिथे ते स्वतःसाठी बोललं जातं. आक्का विसर्जन करून, मोदकांचा डबा घेऊन, हसत गेली.

ओंजळभर सुंगटं वाचली. त्यांत अंडी धरलेल्या माद्या होत्या, एवढीच शब्दाला उरलेली आशा. चीफनी ती पुन्हा वाढवली. रोज नळीतलं पाणी, रोज भिंग. पुढच्या उन्हाळ्यात कोंडीचं काम संपलं, फीत कापली गेली. मी म्हटलं, “आता सोडूया.”

“खंय? त्या सिमेंटात? आदी भिंतीर शेवाळ चडांदे. क्रू येंदे.”

पंचायतीची माणसं शेवाळ दिसलं की ब्रश मारत. चीफ भर पावसात छत्री घेऊन कठड्याशी उभे राहत. “रस्तो झाडा, पायऱ्यो धुवा. भिंत साफ करू नकात.” शेवटी लोक कंटाळले आणि भिंती हिरव्या झाल्या.

दसऱ्यानंतर चीफ गेले. सकाळी बादलीपुढे बसलेले होते, तसेच कलंडले. स्पंज बादलीतच होता. तो मी टाकीत परत लावला.

दिवसकार्य झाल्यावर, आक्का मुंबईला निघायच्या आधी, आम्ही डबे भरून कोंडीवर गेलो. टाकी आता गजबजलेली होती, डबे पुरेनात. गावकराने नारळ धरला. “बा देवा म्हाराजा! चीफान दिलेलो शब्द आज पुरो होता हा. तुजी लेकरां तुका पावती झाली...”

आक्काने त्याची बाही ओढली. डोळे पुसत कुजबुजली, “ह्यां पण सांग. ह्या लेकरांची टाकी मी एकदा माज्या हातान घासून दिलेलंय. ती सेवा मानून घे, म्हणान सांग.”

गावकर सगळं जाणत होता. मेलेली सुंगटं पुरताना चीफनी त्यालाच बोलावलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. डब्यातून सुटलेली पहिली सुंगटं शेवाळावर जाऊन चरूही लागली होती.

“आणि म्हाराजा,” गावकर खणखणीत आवाजात म्हणाला, “ह्या भैनीन त्येंची टाकी घासल्यान, ती सेवा मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.