ट्रेसरबाबूंनी उतरवलेली विहीर

ट्रेसरबाबू नकाशा आधी हाताने बघत, मग डोळ्यांनी. कागद टेबलावर पसरला की उजवा तळवा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत असा फिरवायचे, जणू तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवताहेत. मग म्हणायचे, "हं, समजलं." काय समजलं ते विचारायची सोय नव्हती.

आमचं ऑफिस अमरावतीला, राजापेठेत. मालक इंजिनिअर होते, बांधकामाचे ठेकेही घेत. मी ड्राफ्ट्समन. मी पेन्सिलीने नकाशा काढायचा, ट्रेसरबाबूंनी त्यावर मेणकापडासारखं पारदर्शक कापड ताणून तो शाईने उतरवायचा आणि गच्चीवर उन्हात त्याच्या निळ्या प्रती काढायच्या. आम्ही त्यांना फेरो म्हणत असू. त्यांच्या हातची रेघ इतकी स्वच्छ उमटायची, की सरकारी कचेरीतले लोक इतर ऑफिसांचे फेरो बाजूला सारून आमचे आधी बघत.

फेरो काढताना मात्र हा शांत माणूस भलताच कडक व्हायचा. काचेच्या चौकटीत कापड, त्याखाली रसायनाचा मसाला लावलेला कागद, आणि वर वऱ्हाडातलं ऊन. जवळ कुणी गेलं की ओरडायचे, "सावली काढा जी तुमची! छापून जाईन न मंग!" मी हसायचो. पुढे कागद पाण्याच्या हौदात घातला, की आधी सगळं गढूळ दिसे, मग निळं चढत जाई आणि त्यातून भिंती, दारं, जिने पांढरे होऊन वर येत. तेवढ्या वेळात बोलायची बंदी. ते वाकून बघत राहायचे आणि शेवटी हलकेच म्हणायचे, "आले सगळे." कोण आले, असं मी एकदा विचारलं. "राहनारे," एवढंच बोलले. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

वलगाव रस्त्यावर मुलींची शाळा बांधायचं काम आमच्याकडे आलं. जागेच्या जुन्या नकाशात एक विहीर होती, नेमकी तिसऱ्या वर्गाच्या मध्यावर. मालक म्हणाले, "बुजवलेली हाय ते, कवाचीच. खोडून टाका." खोली सरकवायची म्हणजे सगळा आराखडा नव्याने मांडायचा. मी काढलेलं वर्तुळ रबराने साफ पुसलं आणि नकाशा ट्रेसरबाबूंना दिला. विहिरीबद्दल अक्षरही बोललो नाही.

संध्याकाळी कापड बघतो तर तिसऱ्या वर्गात काळ्याभोर शाईचं वर्तुळ.

"बाबूजी, हे काय काढलं?"

"विहीर हाय ना ते."

"मी तर खोडली होती!"

"कावून खोडली? मले तर सापडली."

पेन्सिलीचा वळ राहिला असेल, अशी मी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी अगदी कोरा कागद घेऊन सगळा नकाशा पुन्हा काढला. त्यावर ते वर्तुळ कधी उमटलंच नव्हतं. ट्रेसरबाबूंनी तळवा फिरवला, तिसऱ्या वर्गावर थांबवला आणि खूप वेळ उचलला नाही. कापडावर विहीर पुन्हा आली. त्याच जागी, तेवढीच.

मग मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते. ब्लेडने ती शाई खरवडली आणि स्वतः गच्चीवर जाऊन फेरो काढले. ट्रेसरबाबू जिन्यात उभे राहून बघत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी बसतीन न जी तिथी." शनिवारी ते नेहमीसारखे अकोल्याला घरी गेले आणि परत आलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी त्यांची राहिलेली पेनं द्यायच्या निमित्ताने मी अकोल्याला गेलो. दारात त्यांची बायको भेटली. हळू आवाजात म्हणाली, "त्यायले दिवाळीपासून पेन्सिलीची रेघ दिसत नाई, भाऊ. ऑफिसात सांगू नका." मी उंबऱ्यातच थबकलो. म्हणजे माझे कितीतरी नकाशे या माणसाने नुसत्या वळांवरून उतरवले होते. तेही एक वेळ मानलं. पण कोऱ्या कागदाला कसला वळ?

ते खाटेवर आजारी पडून होते. चेहरा उतरला होता. माझा आवाज ऐकताच त्यांनी विचारलं, "खोली सरकवली ना?"

"हो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"बरं झालं बाप्पा." त्यांनी डोळे मिटले आणि इतके निवांत झाले, की मला तिथे बसवेना.

गाडीत सगळा वेळ ते 'हो' आठवत राहिलं. अशा माणसाला खोटं सांगून मी जगू शकलो नसतो. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरलो तो थेट मालकांकडे गेलो आणि या नकाशावर सही करणार नाही म्हणून सांगितलं. मालक भडकले. "याड लागलं का तुमाले? आठ दिवसांनी पाया आखाले जाऊन राहिलो मी. चला संग, दाखवतो कुठी हाय विहीर ते!"

आठव्या दिवशी जागेवर गेलो. कोरडी काळी माती, भेगाळलेली. तिसऱ्या वर्गाची जागा मोजून मालकांनी गड्याला सब्बल, म्हणजे पहार, मारायला सांगितली. पहिल्या घावाला माती. दुसऱ्या घावाला ती लोखंडी सब्बल गड्याच्या हातातून निसटली आणि उभीच्या उभी खाली गेली. आम्ही तिघेही ऐकत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

मालक दोन पावलं मागे सरले. कपाळ पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोली सरकवा." आणि थोड्या वेळाने, "कोनाले माहीत होतं हे?"

"ट्रेसरबाबूंना," मी म्हणालो.

"बलावून घ्या त्यायले परत. असा मानूस सोडू नाई."

मी मान डोलावली. ट्रेसरबाबू गेल्याचं पोस्टकार्ड त्याच सकाळी आलं होतं, माझ्या खिशात होतं. ते मला तिथे बाहेर काढवेना.